जठराचे द्वार : अन्नाची गती, आतड्यातील संप्रेरके आणि काही आजार

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक एखादा अभ्यासलेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा मधुमेह, रक्तदाब, रक्तक्षय हे नेहमीचे विषय आमच्यासमोर होतेच. ते बाजूस ठेवून जठर किती वेगाने रिकामे होते, हा काहीसा अपरिचित विषय आम्ही घेतला, त्यास एक कारण घडले.

वसतिगृहात आमच्याबरोबर राहिलेल्या एका वर्गमित्राच्या मातोश्री भेटीच्या रविवारी भाकरी, लसणाची चटणी आणि मुगाचे वडे घेऊन येत. त्यांचा मुलगा एक असला, तरी त्या फडक्याभोवती आम्ही सात-आठ जण बसत असू. आम्ही सर्वच त्यांना मावशी म्हणत आलो. या मावशींना गेली अठरा वर्षे मधुमेह आहे. त्यांपैकी शेवटची काही वर्षे त्या इन्शुलिन घेतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची एक तक्रार सुरू झाली. दोन घास खाल्ले की पोट गच्च होई, मळमळे, वरचे पोट फुगे. “पोटात जागाच नाही रे लेकरा,” असे त्या म्हणत. ज्या बाईने आम्हाला पोटभर जेवू घातले, तिला अर्धी भाकरी संपेना. घरात याचा अर्थ निराळाच लावला गेला : सुनेच्या हातचे त्यांना रुचत नाही. वैद्यकीय व्यवसायात आयुष्य घालविलेल्या आम्ही दूरध्वनीवरून जे निदान केले, तेही याहून शहाणपणाचे नव्हते. गॅस झाला असेल, काकडी-कोशिंबीर वाढवा, मोड आलेली कच्ची मटकी खा, असे आम्ही सांगितले.

पुढे एका रात्री इन्शुलिन टोचून त्या जेवल्या आणि तासाभरात घामाने चिंब होऊन असंबद्ध बोलू लागल्या. साखर उतरली हे घरच्यांनी ओळखले. हाताशी होता तो पेढा तोंडात घातला. गुण येईना म्हणून रुग्णालयात नेले. पहाटे त्यांना उलटी झाली. तेथील डॉक्टरांनी विचारले, “उलटीत काय पडले, आणि ते केव्हा खाल्लेले होते?” पडली होती ती आदल्या दिवशी दुपारची मटकी, जवळजवळ अख्खी. निदानाची दिशा त्या प्रश्नाने बदलली. तो प्रश्न आम्हीही विचारू शकलो असतो.

जठर म्हणजे अन्न साठविण्याची पिशवी, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. जठराचा वरचा भाग खरोखर पिशवीसारखा वागतो. घास उतरू लागले की तो सैल पडतो, आणि म्हणूनच रिकामे असताना मुठीएवढे असलेले जठर आतील दाब फारसा न वाढविता लिटरभर अन्न सामावून घेते. खालचा भाग मात्र जात्यासारखा आहे. तेथे दर मिनिटाला सुमारे तीन लहरी उठतात. त्या अन्नाला बंद द्वारावर ढकलतात, द्वार किंचित उघडते, पातळ भाग पुढे जातो आणि जाडाभरडा भाग पुन्हा दळण्यासाठी मागे येतो. घन अन्नाचे कण साधारणतः एक-दोन मिलिमीटर इतके बारीक होईपर्यंत त्यांना पुढे प्रवेश नाही. साधे पाणी अर्ध्या तासाच्या आत बहुतांशी निघून जाते. भाजी-भाकरीचे जेवण पूर्ण जाण्यास चार तासांच्या आसपास लागतात, आणि तेलातुपाचे असेल तर त्याहूनही अधिक.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे द्वार आकारमानाकडे पाहून उघडत नाही. निरोगी माणसाचे जठर लहान आतड्यात मिनिटाला साधारण दोन ते तीन कॅलरी इतकीच ऊर्जा सोडते. जेवण जितके पौष्टिक, तितकी त्याची गती मंद. आतड्याला पेलवेल तेवढेच त्याच्या ओंजळीत घालावे, असा हा हिशेब आहे. मग जठराला आतड्याचा हिशेब कसा कळतो? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास बराच काळ लागला.

जठराचे काम प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याची संधी प्रथम मिळाली ती एका अपघातामुळे. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण फ्रेंच-कॅनेडियन मजुराला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. तो केसाळ कातड्यांच्या व्यापारातील कंपनीत हमालीची कामे करी. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचविले, परंतु जखम पूर्णपणे मिटली नाही. पोटावर थेट जठरात उघडणारे छिद्र कायम राहिले. १८२५ पासून बोमाँट यांनी त्या छिद्रातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे आत सोडून ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात अशा २३८ प्रयोगांची नोंद आहे. बारीक केलेले अन्न लवकर पचते, तेलकट अन्न रेंगाळते, माणूस संतापला की पचन बिघडते, या गोष्टी त्यांनी पाहून लिहिल्या.

पाठ्यपुस्तकांत बोमाँट यांचे नाव सन्मानाने येते. सेंट मार्टिनचे नाव येते ते छिद्राचा मालक म्हणून. त्याला लिहितावाचता येत नव्हते. नोकरी आणि प्रयोग एकाच करारात बांधून त्याच्याकडून संमती घेतली गेली. बायकामुलांकडे तो वारंवार निघून जाई, आणि त्याला परत आणण्याची खटपट पुन्हा पुन्हा केली जाई. १८८० मध्ये तो मरण पावला तेव्हा डॉक्टरांच्या हाती देह लागू नये म्हणून त्याच्या कुटुंबाने तो कुजू दिला आणि मगच पुरला. ज्ञान कोणाच्या शरीरातून आले, याचीही नोंद आमच्या विद्यार्थ्यांनी ठेवावी, एवढ्यासाठी हे येथे लिहिले.

बोमाँट यांना जठर दिसले, पण जठर आणि आतडे यांच्यातील संभाषण दिसले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियातील पाव्हलॉव्ह यांच्या कार्यामुळे असे मानले जाऊ लागले की हा सर्व कारभार मज्जातंतूंचा आहे. जानेवारी १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघा शास्त्रज्ञांनी (ते नात्याने मेहुणे होते) हा समज पडताळून पाहिला. कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका वेटोळ्याचे सर्व मज्जातंतू त्यांनी तोडले आणि त्यात आम्ल सोडले. तारच तुटलेली असताना निरोप पोहोचायला नको होता. तरीही स्वादुपिंडातून रस पाझरू लागला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लात घोटून, त्याचा अर्क रक्तात टोचला. रस पुन्हा पाझरला. निरोप रक्तातून जात होता. त्या द्रव्याला त्यांनी ‘सिक्रेटिन’ हे नाव दिले, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा सर्व निरोप्यांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द योजला. आपण त्यालाच संप्रेरक म्हणतो. मधुमेहाच्या आजच्या औषधोपचाराचा एक मोठा भाग या पचनाच्या प्रयोगातून निघालेल्या वाटेवर उभा आहे.

आतड्याच्या अस्तरातील पेशींपैकी जेमतेम एक टक्का पेशी संप्रेरके तयार करतात. तथापि आतडे इतके लांब आहे की त्या सर्व एकत्र मोजल्यास शरीरातील सर्वांत मोठी संप्रेरक-ग्रंथी तीच ठरते. सर्व संप्रेरकांची नावे सांगत बसण्यात अर्थ नाही, चार-पाच पुरेत. जेवणाची वेळ जवळ आली की रिकाम्या जठरातून ‘घ्रेलिन’ स्रवते आणि भूक जागी होते. हे द्रव्य जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधले. उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी जठरापासून आतड्यापर्यंत जी जोरकस लाट जाते, ती ‘मोटिलिन’च्या प्रेरणेने. उरलेसुरले तंतू आणि साली झाडून नेण्याचे काम ती करते. वसतिगृहात भोजनाच्या घंटेपूर्वी पोटात जी गुरगुर ऐकू येई, तिला आम्ही भूक म्हणत असू. तो बराचसा या झाडलोटीचा आवाज होता.

जेवण सुरू झाले की चित्र पालटते. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने लहान आतड्याच्या आरंभी पोहोचताच ‘कोलेसिस्टोकायनिन’ स्रवते. ते पित्ताशयाला आकुंचन करावयास लावते, स्वादुपिंडातून पाचकरस आणते, आणि त्याच वेळी जठराला ‘जरा थांब’ असे सांगते. अन्न आणखी पुढे गेले की आतड्याच्या खालच्या भागातून ‘जीएलपी-१’ व ‘पीवायवाय’ ही संप्रेरके स्रवतात आणि जठराची गती अधिकच आवरतात. पचविण्याचे राहून गेलेले अन्न इतके खाली आलेच कसे, अशी ही जणू तक्रार असते. तज्ज्ञ तिला आतड्याचा ब्रेक म्हणतात.

जीएलपी-१ चे आणखी एक काम आहे. तेवढीच साखर शिरेतून दिली तर शरीर जितके इन्शुलिन सोडते, त्याहून कितीतरी अधिक ते तोंडावाटे दिल्यावर सोडते. तोंडावाटे दिल्यावर मिळणाऱ्या प्रतिसादातील निम्म्याहून अधिक वाटा आतड्याच्या संप्रेरकांचा असतो. आतडे स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देते, असे म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ही वर्दी क्षीण होते. जेवणानंतर साखर किती उंच चढेल, यातील सुमारे एक तृतीयांश फरक केवळ जठर किती वेगाने रिकामे होते यावर ठरतो, असेही अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे मधुमेह्याने ताटात काय वाढून घेतले एवढाच प्रश्न नसतो. ते ताटातून आतड्यात केव्हा पोहोचले, हाही असतो.

आता मावशींकडे वळू. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायांच्या मज्जातंतूंप्रमाणेच व्हेगस नावाचा मज्जातंतूही झिजतो. मेंदूपासून निघून छाती, जठर, आतडे असा दूरवर हिंडणारा हा तंतू. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच भटका असा आहे. जठरातील लहरींचा ताल धरणाऱ्या विशिष्ट पेशीही कमी होतात. मग वरचा भाग सैल पडत नाही, म्हणून दोन घासांत पोट भरते; खालचे जाते मंदावते, म्हणून दुपारचे अन्न पहाटेपर्यंत पडून राहते. कोठेही अडथळा नसताना जठर असे रेंगाळू लागले की त्या विकाराला गॅस्ट्रोपरेसिस म्हणतात. मधुमेहातील या अवस्थेला १९५८ मध्ये कॅसँडर यांनी स्वतंत्र नाव दिले आणि ती पुष्कळदा लक्षातच येत नाही, हेही त्यांनी तेव्हाच नोंदविले.

त्या रात्री काय घडले हे आता समजते. टोचलेले इन्शुलिन आपल्या वेळेवर कामाला लागले. भाकरी मात्र जठरातच होती. साखर उतरली. नंतर, मध्यरात्री केव्हातरी, अन्न पुढे सरकले, तोवर इन्शुलिनचा जोर ओसरला होता. सकाळी साखर तीनशेच्या वर. घरच्यांना वाटे, मावशी चोरून गोड खातात. त्यात आणखी एक पेच असा की, रक्तातील वाढलेली साखर स्वतःच जठराची गती मंदावते. म्हणजे मंद जठरामुळे साखर बेभरवशाची, आणि चढलेल्या साखरेमुळे जठर अधिक मंद. पेढाही चुकीचाच होता. खव्यातील स्निग्धांशाने द्वार अधिकच आवळले जाते. अशा वेळी ग्लुकोजचे किंवा साखरेचे पाणी द्यावे. आणि रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे.

आमचा काकडी-मटकीचा सल्ला तर उफराटा ठरला. चोथा असलेले अन्न मधुमेह्यास एरवी हितकारक असते, हे खरेच. परंतु जठराचे जाते थकलेले असेल तर कच्च्या भाज्यांचे तंतू आणि अख्खी कडधान्ये दळली जात नाहीत. ती साचतात, कधी त्यांचा गोळाही बनतो. अशा रुग्णाने थोडे थोडे, पाच-सहा वेळा खावे. तूप-तेल कमी ठेवावे. मऊ खिचडी, घोटलेले वरण, लोणी काढलेले ताक, गाळलेले सूप असे पातळ आणि मऊ अन्न घ्यावे. घन अन्न अडते तेथे द्रव पुष्कळदा सुखरूप जाते. जेवणानंतर आडवे न होता थोडे चालावे. इन्शुलिन जेवणापूर्वी घ्यावे की नंतर, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे.

गॅस्ट्रोपरेसिसचे निदान अंदाजाने करू नये. प्रथम दुर्बिणीने पाहून जठरात व्रण, गाठ किंवा अडथळा नाही याची खात्री करतात. त्यानंतर अत्यल्प किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले खाणे देऊन चार तासांपर्यंत प्रतिमा घेतात; चार तासांनंतरही दहा टक्क्यांहून अधिक अन्न जठरात उरले असेल तर गती मंद मानतात. ही सोय मोठ्या शहरांतच मिळते. खेड्यातील माणसाने निदान एवढे करावे : काय खाल्ले, केव्हा खाल्ले, साखर किती भरली आणि उलटी झाली असल्यास तीत केव्हाचे अन्न होते, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे. वजन घटत असेल, उलटीत रक्त असेल किंवा शौचास काळी होत असेल तर वहीसाठीही थांबू नये.

याच्या अगदी उलट विकारही आहे, आणि तो आमच्या वडिलांच्या पिढीत काहींनी सोसला आहे. पोटातील व्रणावर तेव्हा शस्त्रक्रिया हाच मोठा इलाज असे. जठराचा भाग काढून टाकीत, किंवा व्हेगस तंतू छेदून खालचे द्वार रुंद करीत. दाराला पहारेकरीच उरला नाही की अन्न लोंढ्यासारखे आतड्यात जाते. अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, पोटात कळ, जुलाब, चक्कर. त्यानंतर एक ते तीन तासांनी दुसरा झटका येऊ शकतो : एकदम आलेल्या साखरेमुळे जीएलपी-१ अमाप स्रवते, इन्शुलिन गरजेपेक्षा अधिक सुटते आणि साखर खाली घसरते. याला डंपिंग सिंड्रोम म्हणतात. ‘ऑपरेशनपासून अण्णांना जेवण सोसत नाही, जेवले की झोपून राहतात,’ असे ज्या घरांत म्हटले जाई, तेथे काही वेळा हेच असावे. पर्थ येथील वॉरन आणि मार्शल यांनी १९८२ च्या सुमारास दाखविले की बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता व्रण बहुधा गोळ्यांनी बरा होतो. तथापि वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांमुळे डंपिंग पुन्हा पाहावयास मिळू लागले आहे. साखरेची पेये टाळणे, जेवताना पाणी कमी पिणे आणि लहान जेवणे, हा त्यावरील पहिला उपाय होय.

सीलिअॅक या आजारात गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याच्या वरच्या भागाचे अस्तर झिजते, आणि अस्तराबरोबर तेथील संप्रेरक-पेशींचे कामही बिघडते. कोलेसिस्टोकायनिन पुरेसे स्रवत नाही, पित्ताशय आळसावते, स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. ग्लुटेन वर्ज्य केल्यास अस्तर पुन्हा उगवते. ज्वारी, बाजरी आणि तांदूळ यांत ते नसते, ही आपल्याकडील रुग्णांची सोय आहे. कंपवाताच्या रुग्णांतही जठर मंदावते. लेव्होडोपाची गोळी लहान आतड्यात शोषली जात असल्याने ती जठरात अडकली की हात थरथरतच राहतो, आणि औषध लागू पडत नाही असे वाटते.

औषधांविषयी थोडे. आम्लपित्ताच्या गोळीत डॉम्पेरिडोन मिसळलेले असते, आणि दुकानातून ती मागून घेऊन महिनोन् महिने घेणारे अनेक जण आम्ही पाहतो. या औषधाने काहींच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. मेटोक्लोप्रमाइड दीर्घकाळ घेतल्यास चेहऱ्याच्या व जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली जडू शकतात, आणि त्या कायमच्याही राहू शकतात. एरिथ्रोमायसिन हे जंतुनाशक मोटिलिनच्याच कुलपात बसणारी किल्ली असल्याने जठर हलविते, पण थोड्याच आठवड्यांत त्याचा प्रभाव ओसरू लागतो. या औषधांना स्थान आहे. ते डॉक्टरांच्या हातात आहे.

आपल्या शरीरात तयार होणारे जीएलपी-१ एक-दोन मिनिटांत निष्प्रभ होते, त्यामुळे ते जसेच्या तसे औषध म्हणून निरुपयोगी होते. १९९२ मध्ये अमेरिकेतील जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतील विषात त्याच्यासारखेच काम करणारे, परंतु टिकाऊ द्रव्य सापडले. त्यापासून बनलेले एक्सेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. सेमाग्लुटाइड हे याच घराण्यातील पुढचे औषध. साखर उतरते, वजन घटते, भूक आवरते, म्हणून आज त्याचा मोठा बोलबाला आहे, आणि पुष्कळांना त्याचा लाभही होतो. मळमळ, उलट्या आणि बद्धकोष्ठ हे त्याचे नेहमीचे त्रास. ते जठराचे द्वार आवळते, हे मात्र जाहिरातीसारख्या बोलण्यात मागे पडते. ही इंजेक्शने घेणाऱ्याने कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावे. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेले असू शकते, आणि भुलीत ते श्वासनलिकेत गेल्यास जिवावर बेतते.

गेल्या दिवाळीत मावशींना भेटावयास गेलो तेव्हा शेजारच्या बाईंचे वजन या इंजेक्शनाने नऊ किलोंनी उतरल्याचे त्यांनी सांगितले, आणि आपणही ते घ्यावे काय, असे विचारले. त्यांच्या डॉक्टरांनी आधीच नकार दिला होता; आमच्याकडून निराळे उत्तर मिळते का, हे त्या पाहत होत्या. आधीच मंद असलेल्या जठराला ते आणखी मंद करील, असे आम्ही सांगितले. “म्हणजे तुझं उत्तरही तेच,” असे म्हणून त्यांनी नातीकडून वही मागविली, दुपारच्या वाटीभर खिचडीची वेळ तीत लिहवून घेतली, आणि आमच्यापुढे मुगाच्या वड्यांची ताटली सरकविली.